माऊस बाजूला ठेवून सुरुवात करा

क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या साधनाने शंभरपैकी शंभर गुण दिले की पुष्कळ ठिकाणी सुगम्यतेची फाइल बंद होते. मॅन्युएल मातुझोविच या ऑस्ट्रियातल्या वेब डेव्हलपरने २०१९ मध्ये मुद्दाम एक पान बनवलं. ते माऊसने वापरता येत नव्हतं, कीबोर्डने येत नव्हतं आणि स्क्रीन रीडरलाही काही सापडत नव्हतं. लाइटहाउसचे गुण मात्र पूर्ण शंभर! तपासणीची साधनं वापरायचीच, पण त्यांच्या हाती निकाल द्यायचा नाही. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

सामान फारसं लागत नाही. विंडोज लॅपटॉप, क्रोम, हेडफोन, एखादा अँड्रॉइड फोन. लॅपटॉपवर तीन गोष्टी उतरवून घ्या: वेबएमचं वेव्ह हे एक्स्टेंशन, टीपीजीआयचं कलर कॉन्ट्रास्ट अ‍ॅनालायझर आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. लाइटहाउस क्रोममध्ये असतंच. उतरवायच्या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवलेला एनव्हीडीए २००६ पासून तसाच मोफत आहे.

आधी काम ठरवा. ‘सगळं संकेतस्थळ तपासा’ असा आदेश आला तर तो गुंडाळून ठेवा आणि माणूस तिथे कशासाठी येतो ते विचारा. समजा नगरपालिकेचं संकेतस्थळ आहे. मग काम असं: मालमत्ता क्रमांक टाकून घरपट्टीची रक्कम पाहायची, ओटीपी द्यायचा, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जायचं, जुनी पावती उतरवून घ्यायची. वाटेत लागणारी पानं एवढीच तुमची यादी.

आता माऊस बाजूला ठेवा. पुष्कळजण इथे यंत्राची तपासणी आधी लावतात. मला ते पटत नाही, कारण त्याची यादी एकदा पाहिली की आपले डोळे फक्त तेवढंच शोधतात. पान उघडा आणि टॅब दाबत जा. मागे यायला शिफ्ट आणि टॅब, दुवा उघडायला एंटर, चौकोनात खूण करायला स्पेसबार, उघडलेली खिडकी बंद करायला एस्केप. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: मी आत्ता कुठे आहे ते दिसतंय का? फोकसची चौकट ‘कुरूप दिसते’ म्हणून डिझायनरने काढून टाकलेली असते, आणि हात थरथरणारा किंवा माऊस धरू न शकणारा माणूस तिथेच हरवतो. मेनूतले तीस दुवे दर पानावर पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतात का, की थेट मजकुरावर नेणारा दुवा सुरुवातीलाच आहे? तारखेचं कॅलेंडर कीबोर्डने उघडतं का? सूचनेची खिडकी उघडल्यावर टॅब तिच्यामागच्या पानावर भटकतो का, की आत शिरून बाहेरच पडू देत नाही? आणि हो, सरकारी पानांवरची ती लाडकी सरकती पट्टी. पाच सेकंदांहून जास्त वेळ इतर मजकुराच्या बरोबरीने आपोआप हलणारं काहीही थांबवता आलं पाहिजे, असा नियम आहे.

इथे अडलात तर नोंद करून पुढच्या पानावर माऊसने जा, पण नोंदीत ‘कीबोर्डने काम अपूर्ण’ असं ठळक लिहा.

यंत्राचा भाग दहा मिनिटांचा. वेव्हच्या चिन्हावर क्लिक केलं की लाल खुणा म्हणजे चुका: चित्राला पर्यायी मजकूर नाही, अर्जातल्या चौकोनाला नाव नाही, बटण रिकामं. एक्स्टेंशन ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे लॉगिनच्या आतली पानंही तपासता येतात. मग एफ१२ दाबून लाइटहाउसमध्ये फक्त अ‍ॅक्सेसिबिलिटीवर खूण ठेवा. गुण सोडा, खाली ‘हे हाताने तपासा’ अशी जी यादी ते स्वतःच देतं, ती वाचा. चित्राला पर्यायी मजकूर आहे एवढं यंत्राला कळतं. तिथे अध्यक्षांच्या फोटोला ‘बॅनर तीन अंतिम’ असं नाव आहे, हे त्याला खटकत नाही.

यानंतर कान. हेडफोन लावा, कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए सुरू करा (इन्स्टॉल करताना हा शॉर्टकट मिळतो). बंद करायला इन्सर्ट आणि क्यू, बोलणं थांबवायला कंट्रोल. या दोन कळा आधीच पाठ करा. पान उघडून एच दाबत जा: मथळ्यामागून मथळा वाचला जाईल. पाहणारा माणूस पान नजरेने चाळतो, ऐकणारा मथळ्यांनी. ठळक अक्षरं मोठी करून ‘मथळा’ केलेला असेल तर एचला काहीच सापडणार नाही. मग इन्सर्ट आणि एफ७ दाबा. दुव्यांची यादी येते. ‘येथे क्लिक करा’ सतरा वेळा आलं तर त्यातला पावतीचा दुवा कोणता, ते सांगा पाहू.

आता स्क्रीन बंद करून तेच काम करा. ओटीपीची सहा सुटी घरं असतात. अनेकदा सहाही वेळा नुसतं ‘एडिट, ब्लँक’ ऐकू येतं. एक चौकोन मुद्दाम रिकामा सोडून अर्ज पाठवा. डोळ्यांना लाल किनार दिसते, कानांना काहीच नाही. माणूस ‘सबमिट’ दाबत बसतो आणि पान ढिम्म. कॅप्चा फक्त चित्रातला असेल, आवाजाचा किंवा दुसरा पर्याय नसेल, तर तपासणी तिथेच संपली. बाकी सगळं उत्तम असलं तरी घरपट्टी भरता येत नाही.

मराठी पानांसाठी दोन तपासण्या आवर्जून करा. पहिली: पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली आहे का? एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, पण पानाने स्वतःला इंग्रजी म्हणवलं असेल तर उच्चारांचं भजं होतं. दुसरी: पानावरची किंवा पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर ठीक. इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा काला आला तर मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि स्क्रीन रीडर तो कालाच वाचतो. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन केलेलं चित्र. परिपत्रकांच्या पीडीएफमध्ये हा प्रकार फार. ओसीआर करून, वाचून, सुधारून मजकूर पुन्हा टाकायला सांगा.

रंगांसाठी अ‍ॅनालायझरचा ड्रॉपर अक्षरावर आणि मग पार्श्वभूमीवर टेकवा. साध्या अक्षरांना ४.५:१, मोठ्यांना ३:१ हे किमान प्रमाण. पांढऱ्यावर ७६७६७६ हा करडा ४.५४ ने काठावर पास होतो, ९९९९९९ हा २.८५ ने नापास. आपल्याकडच्या लाडक्या केशरी पट्टीवरची पांढरी अक्षरं साधारण २ वर अडकतात. मग कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून पान २०० टक्के मोठं करा: काही झाकलं जातंय का? देवनागरीत वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात का, तेही पाहा; ओळीची उंची लॅटिन अक्षरांच्या हिशेबाने बांधलेली असली की हे हमखास होतं.

फोनवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर सुरू करून तेच काम एकदा. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचा घटक, दोनदा टकटक केलं की उघडतो.

अहवाल लिहिताना यंत्रांचे छापील कागद जोडून जाडी वाढवू नका. प्रत्येक दोषापुढे पान, घडलं काय, पुन्हा कसं घडवायचं, आणि कोण अडतं ते लिहा. काम पूर्ण अडवणारे दोष वर. पर्यायी मजकुरातलं शुद्धलेखन खाली. निकष म्हणून डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची एए पातळी धरा. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सरकारी संकेतस्थळ असेल तर जीआयजीडब्ल्यू ही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही लागू होतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांसाठी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ आणि सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल यांचा उल्लेख करा. ई-केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवता न येणाऱ्या अ‍ॅसिडहल्लाग्रस्तांच्या आणि एका अंध व्यक्तीच्या याचिकांवर न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

अहवालाबरोबर एक मागणीही ठेवा: दुरुस्तीनंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोघा-तिघांकडून तीच घरपट्टीची वाट तपासून घ्यायची, मानधन देऊन. तुम्ही एनव्हीडीए आठवडाभरापूर्वी शिकलात. ते तो दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात आणि तुम्हाला ‘चालतं’ वाटलेल्या पानावर कुठे कंटाळून निघून जायची वेळ येते, ते सांगतात. त्यांच्या शेजारी बसा, मध्ये बोलू नका, आणि अडले तिथली वेळ लिहून ठेवा.