श्रद्धा, शब्द आणि नागरिकत्व

शब्दाचा अर्थ आणि शब्द उच्चारण्याची कृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मागील उपघटकात आपण पाहिले. या भेदावर एकदा तीन शाळकरी भावंडांचे शिक्षण अवलंबून होते.

केरळातील ही भावंडे 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. प्रार्थना केवळ यहोवाची, म्हणून कोणत्याही देशाचे राष्ट्रगीत गाणे त्यांना वर्ज्य. (बहुसंख्य ख्रिस्ती बांधव राष्ट्रगीत निःसंकोच गातात, हे येथे नोंदवले पाहिजे.) राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, गात मात्र नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले.

उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला. धर्मभावना दुखावेल असे त्यात काही आढळले नाही, म्हणून दाद नाकारली. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. आक्षेप शब्दार्थाला नव्हताच. तो गाण्याच्या कृतीला होता. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच ओळखले. गायनाची सक्ती करणारा कायदा नाही, उभे राहणे हाही आदरच, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौनही येते, असा निर्वाळा देऊन भावंडांना पुन्हा शाळेत घेण्यास सांगितले. श्रद्धा न्यायाधीशाला पटते का, हा प्रश्नच न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी गैरलागू ठरवला. ती प्रामाणिक आहे का, एवढेच पाहिले. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द अनेकांना बोजड वाटतो. तो तेथे कशासाठी आहे, ते या खटल्यावरून कळते.

स्वाध्याय : 'आदर बाळगणे', 'आदर दाखवणे' व 'आदर करणे' यांतील अर्थभेद स्पष्ट करा. ही भावंडे यांपैकी काय करत होती?