घरांतील वाळवंटी गुलाबाची ऋतुमानाप्रमाणें निगा

वाळवंटी गुलाब, म्हणजे अडेनियम, हा गुलाब नव्हे. तें आफ्रिका व अरबस्तान येथील, कण्हेरीच्या कुळांतील झाड होय. तें फुगीर बुंध्यांत पाणी सांठवितें; यास्तव नागपूरकडील ओल धरणारी काळी माती त्यास घातक. तळास भोंक असलेल्या कुंडींत जाड वाळू, विटांचा चुरा व थोडें कुजलेलें शेणखत भरून ती दक्षिणेच्या खिडकीशीं उन्हांत ठेवावी.

उन्हाळ्यांत माती सुकतांच भरपूर पाणी द्यावें. पावसाळ्यांत माती बोटभर खोल कोरडी लागल्यासच द्यावें. हिंवाळ्यांत पानें गळतात. झाड तहानलें असें समजून तेव्हां पाणी घातल्यास मुळें कुजतात. पुष्कळ झाडें अशींच दगावतात. बुंधा घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. नवी पालवी फुटेपर्यंत हात आखडता घ्यावा. चीक विषारी असल्यामुळें छाटणीनंतर हात धुवावेत.