बॅटरी भरली की चार्जर थांबलाच पाहिजे

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील सुतार असोत, साकीनाक्याच्या गाळ्यांतील कारागीर असोत की घाटकोपरचे मोबाइल दुरुस्त करणारे, लिथियम बॅटरी आज सर्वांच्याच हाताशी आहे. मात्र चार्जिंगची आपली सवय अजून जुन्या पाण्याच्या बॅटरीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

पाण्याची बॅटरी भरल्यावरही तिला थोडा करंट चालू ठेवता येतो. जादा करंटाने आतले पाणी वायू होऊन उडते, ते आपण पुन्हा भरतो. लिथियमच्या सेलात ही सोय नाही. तो भरल्यावरही करंट जात राहिला, तर आत लिथियम धातूचा थर बसू लागतो, वायू तयार होतो, सेल फुगतो, तापतो आणि पेटही घेतो.

चांगला चार्जर प्रथम ठरलेला करंट देतो. सेल ४.२ व्होल्टवर पोहोचला की व्होल्टेज तेथेच धरतो आणि करंट आपोआप उतरत जातो. तो सुरुवातीच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याखाली आला की चार्जर पुरवठा पूर्ण तोडतो. बॅटरी काहीशी उतरल्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नाही. लिथियम फॉस्फेटच्या सेलाची मर्यादा मात्र ३.६५ व्होल्ट असते.

आता हिशेब पाहू. तीन सेलांच्या ड्रिलची बॅटरी '१२ व्होल्ट' म्हणून विकली जाते. तिची कमाल मर्यादा १२.६ व्होल्ट. पाण्याच्या १२ व्होल्ट बॅटरीचा चार्जर भरल्यानंतरही सुमारे १३.८ व्होल्ट देत राहतो, म्हणजे प्रत्येक सेलावर ४.६ व्होल्ट. लेबलवर दोन्हीकडे '१२' असले तरी हा चार्जर तिला चालणार नाही.

बॅटरीत संरक्षक सर्किट असते, पण ते शेवटचा पहारेकरी आहे. चार्जरचे काम त्याच्यावर सोडू नये.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एवढे अवश्य करावे. बॅटरी भरल्यावर मीटर लावून पाहावे. सेलांची संख्या गुणिले ४.२ यापेक्षा आकडा जास्त आला, तर तो चार्जर बाजूला काढावा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. गाळा बंद करताना चार्जिंग चालू ठेवू नये, लाकूड, फोम व थिनरजवळ तर मुळीच नाही. बरेच दिवस वापर नसेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. ती जास्त टिकते.

दुकानदारांनी स्वस्त चार्जर विकताना तो भरल्यावर थांबतो की नाही, हे आधी स्वतः तपासावे. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर तो घरी नेतो आणि रात्री मुलांच्या उशाशी लावतो.