डागाचा फोटो काढताना

"डॉक्टर, हा डाग वाढलाय का हो?" असं विचारत पेशंट मोबाइल पुढे करतात. एक फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला, दुसरा गच्चीवर भर उन्हात, तिसरा इतक्या जवळून की नुसता धुरकट ठिपका. यावरून वाढ कशी सांगायची?

सवय चांगली आहे, पण फोटो दरवेळी सारखा हवा. दिवसा खिडकीपाशी बसा, फ्लॅश बंद ठेवा. ब्यूटी मोड तर आधी बंद करा. तो वांग पुसून टाकतो आणि आम्हाला नेमका तोच बघायचा असतो. डागाशेजारी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी धरा. एक फोटो लांबून, म्हणजे डाग अंगावर कुठे आहे ते कळेल. दुसरा वीतभर अंतरावरून. तिळाचा फोटो महिन्यातून एकदा पुरे. रोज काढलात तर फरक दिसत नाही, काळजी तेवढी वाढते.

तिळाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे किंवा तो बदलतोय, तर दाखवून घ्या. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळा, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. आणि तळपायाचा फोटो कोण काढतं? रक्त येत असेल, जखम भरत नसेल, तर फोटो काढत बसू नका.

फोटोत एक गोष्ट येतच नाही, ती म्हणजे स्पर्श. एक बाई दंडावरच्या फिकट चट्ट्याचे चार महिन्यांचे फोटो घेऊन आल्या. फोटो उत्तम होते. घरचे म्हणत होते, शिबं असेल. मी त्यांना डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस फिरवला. "लावला का?" त्यांनी विचारलं. तो कुष्ठरोगाचा चट्टा होता. गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उशीर झाला तर मात्र नसा कायमच्या दुखावतात.

गजकर्णाला मेडिकलमधून ट्यूब आणून लावलीत, की डागाचं रूपच बदलतं. त्यामुळे काही लावण्याआधी फोटो काढा आणि त्या ट्यूबचाही एक काढा. "पांढरी-हिरवी ट्यूब होती" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.