दूरध्वनीच्या तारांतील अतिभार आणि वीजपुरवठ्याचे संरक्षण

बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे जुलै 1986 मध्ये सी-डॉट या संस्थेने विकसित केलेले 128 जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित दूरध्वनी केंद्र सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालावे, अशी त्याची रचना होती. खेड्यातील अशा लहान केंद्रात तंत्रज्ञ सदैव हजर असतोच असे नाही. म्हणून एका तारेतील बिघाडामुळे साऱ्या गावाचे दूरध्वनी मुके होऊ नयेत, याची तरतूद विद्युत् मंडलातच करावी लागते. ती कशी करतात, हे आता पाहू.

तांब्याच्या तारांवरील दूरध्वनीला केंद्रातील 48 व्होल्टची विद्युत् घटमाला वीज पुरविते. तिचे धन अग्र जमिनीला जोडलेले असते. ग्राहकाकडे जाणाऱ्या दोन्ही तारांच्या आरंभी प्रत्येकी 200 ओहमचा रोध आहे आणि तारा व दूरध्वनी यंत्र यांचा मिळून रोध 1,200 ओहम आहे, असे समजू. एकूण रोध 1,600 ओहम. म्हणून संभाषण चालू असता प्रवाह 30 मिलिअँपिअर राहील. आता पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले आणि ऋण बाजूची तार केंद्राजवळच जमिनीशी जोडली गेली, तर प्रवाहाच्या वाटेत केवळ 200 ओहम उरतात. प्रवाह आठपट, म्हणजे 240 मिलिअँपिअर होतो आणि त्या रोधात सुमारे साडेअकरा वॅट उष्णता निर्माण होते. अशा शंभर तारा सदोष झाल्या, तर घटमालेवर 24 अँपिअरचा भार पडेल.

फ्यूज हा यावरील जुना उपाय होय. परंतु जळालेला फ्यूज बदलावयास माणूस लागतो. म्हणून प्रत्येक तारेत एकसरी जोडणीने एक थर्मिस्टर बसवितात. हा विशिष्ट प्रकारचा थर्मिस्टर तापला की त्याचा रोध एकाएकी अनेक पटींनी वाढतो व प्रवाह अगदी थोडा उरतो. बिघाड दूर होऊन तो निवला, की तार पूर्ववत चालू होते.

तथापि फ्यूज अनावश्यक ठरत नाहीत. त्यांची उतरंड मात्र नीट लावावी लागते. प्रथम तारेचे संरक्षण कार्यान्वित व्हावे, ते अपुरे पडल्यास त्या गटाचा फ्यूज जळावा आणि मुख्य फ्यूजची पाळी सर्वांत शेवटी यावी. हा क्रम उलटला, तर एका घराच्या दोषापायी दवाखान्याचा दूरध्वनीही बंद पडेल. आज अनेक ठिकाणी तांब्याची जागा प्रकाशतंतूंनी घेतली असली, तरी जेथे एका पुरवठ्यावर अनेक शाखा पोसल्या जातात, तेथे हाच नियम लागू पडतो: दोष जेथे उद्भवला, तेथेच तो अडविला पाहिजे.