निर्वासित मुली आणि मासिक पाळीचे आरोग्य

आमच्या हैदराबादच्या दक्षिणेस बालापूर नावाचा भाग आहे. म्यानमारच्या राखाइन प्रांतात २०१२ साली व त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारामुळे परागंदा झालेली अनेक रोहिंग्या कुटुंबे तेथे झोपड्यांतून राहतात. जीव वाचवून पळणारा माणूस हाताला लागेल तेवढेच घेतो. त्या गाठोड्यात मुलीला पाळीच्या वेळी लागणाऱ्या कापडाची आठवण कोणास राहणार? परंतु निसर्गाचा क्रम वाटेत थांबत नाही.

मासिक पाळी हा रोग नव्हे आणि विटाळही नव्हे. गर्भाशयाचे आतील अस्तर दर महिन्यास नव्याने तयार होते व गर्भधारणा न झाल्यास रक्तासह बाहेर पडते. हा स्राव साधारणतः २ ते ७ दिवस चालतो. आरंभीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे.

मग अडचण कोठे येते? ती येते आडोशाच्या अभावी. दाटीवाटीच्या वस्तीत मुलगी लाजेने कापड चोरून धुते आणि इतर कपड्यांखाली, अंधारात वाळत घालते. ते दमट राहते, त्यात जंतू वाढतात व त्वचेला खाज सुटते. सुती कापड साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवले, तर ते पूर्णपणे सुरक्षित असते. कापड असो वा पॅड, ते ४ ते ६ तासांनी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे. आहारात पालेभाज्या, डाळी व सोबत लिंबू असावे. लिंबामुळे अन्नातील लोह अंगी लागते. स्राव ७ दिवसांहून अधिक चालल्यास किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असल्यास डॉक्टरांस दाखवावे.

तेव्हा केवळ पॅड वाटून भागत नाही. पाणी, साबण, आतून कडी लागणारे स्नानगृह, रात्रीचा दिवा आणि तिच्या भाषेत समजावून सांगणारी एखादी वडीलधारी स्त्री, इतके सारे हवे. मदतकार्यात अशा वस्तूंच्या संचाला 'सन्मान-संच' म्हणतात, ते यथार्थच आहे.

हे दुःख आपणांस परके नाही. १९४७-४८ साली रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांनी संस्थानाच्या सीमेपलीकडे आश्रय घेतला होता. त्यांतही आपल्याच वयाच्या मुली होत्या.

म्हणून, विद्यार्थिनी भगिनींनो, घर सोडून आलेली एखादी मुलगी आपल्या वर्गात आली, तर तिला न विचारता शाळेतील स्वच्छतागृह व बाईंची खोली दाखवा. आणि विद्यार्थी बंधूंनो, या विषयावर हसू नका. तुमच्या हसण्यापायी एखादीची शाळा सुटू शकते. तुमच्या समंजसपणामुळे ती टिकू शकते.