घटक ४ : पर्वत, पठार आणि खोरे – भारताच्या प्राकृतिक विभागांचे वर्गीकरण

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• वर्गीकरणाचा निकष म्हणजे काय, हे सोदाहरण सांगता येईल.
• भारताच्या प्राकृतिक विभागांची संख्या निरनिराळ्या पुस्तकांत वेगवेगळी का आढळते, याची कारणमीमांसा करता येईल.
• ‘पर्वत’, ‘घाट’, ‘खोरे’ या शब्दांचे लोकभाषेतील आणि शास्त्रभाषेतील अर्थ वेगळे करून दाखवता येतील.
• एखाद्या प्रदेशाची सीमा कोणत्या निकषावर आखली आहे, हे शास्त्रीय मजकूर वाचताना ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय गद्याचा विचार करताना मागील घटकात आपण ‘व्याख्या’ अभ्यासली. या घटकात ‘वर्गीकरण’ ही दुसरी महत्त्वाची प्रक्रिया पाहावयाची आहे. उदाहरण म्हणून आपण आपल्या देशाचा नकाशाच समोर ठेवणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात भूगोल कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर एका संपर्कसत्रातील प्रसंगात आहे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, माझ्या पुस्तकात भारताचे प्राकृतिक विभाग सहा दिले आहेत. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात पाच आहेत. यांतले चूक कोणते?” प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्याचे उत्तर देण्यासाठी दोन्ही पुस्तकांतील वाक्ये नीट वाचावी लागतात. कोणत्या शब्दाला कोणता अर्थ दिला आहे आणि विभागणी कशाच्या आधारे केली आहे, हे तपासावे लागते. हे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे. हा प्रश्न मनात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

४.२ वर्गीकरण आणि निकष

घरातील पुस्तके लावताना कोणी ‘मराठी पुस्तके, इंग्रजी पुस्तके, कादंबऱ्या आणि जाड पुस्तके’ असे चार गठ्ठे केले, तर मराठीतील जाड कादंबरी कोठे ठेवावी, असा पेच पडेल. भाषा, वाङ्मयप्रकार आणि आकार हे तीन वेगवेगळे निकष येथे एकाच पातळीवर मिसळले आहेत. ज्या गुणधर्माच्या आधारे वस्तूंची विभागणी केली जाते, त्याला वर्गीकरणाचा निकष म्हणतात. चांगल्या वर्गीकरणात तीन गोष्टी अपेक्षित असतात : एका पातळीवर एकच निकष असावा, कोणतीही वस्तू वर्गाबाहेर राहू नये आणि कोणतीही वस्तू एकाच वेळी दोन वर्गांत पडू नये.

भूप्रदेशाच्या बाबतीत निकष अनेक संभवतात. जमिनीची उंची आणि उतार हा एक. खालच्या खडकाचा प्रकार आणि त्याचे वय हा दुसरा. भूमी कोणत्या हालचालीने घडली हा तिसरा. जागेवर उभे राहणाऱ्याला पहिला निकष डोळ्यांनी दिसतो. उरलेले दोन भूशास्त्रज्ञाला शोधून काढावे लागतात. हे निकष नेहमी एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि ते जेथे जुळत नाहीत तेथेच मतभेद सुरू होतात.

शास्त्रीय मजकुरात निकष ओळखण्याच्या काही भाषिक खुणा असतात. ‘-च्या आधारे’, ‘-च्या दृष्टीने’, ‘-नुसार’ हे शब्दप्रयोग आढळले की त्यांच्या आधी आलेले नाम अधोरेखित करा. बहुधा तोच निकष असतो.

४.३ विभाग पाच की सहा?

प्रचलित पाठ्यपुस्तकांत भारताचे साधारणपणे पुढील विभाग सांगितले जातात : उत्तरेकडील पर्वतमय प्रदेश, उत्तर भारतीय मैदान, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टीचा प्रदेश आणि द्वीपसमूह. हे झाले पाच. काही पुस्तके यांत भारतीय वाळवंट हा सहावा विभाग जोडतात.

मतभेद आहे तो थरच्या वाळवंटाविषयी. उंचसखलपणाचा निकष काटेकोरपणे लावला, तर थर हा वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला, पण एकंदरीत सखल असा प्रदेश ठरतो. त्याला उत्तरेच्या मैदानाचा पश्चिम भाग मानता येते. मात्र गंगेच्या मैदानाचे पृष्ठ नद्यांनी गाळ आणून घडवले, तर थरचे पृष्ठ मुख्यतः वाऱ्याने घडवले. थरच्या पश्चिम भागात वर्षाला २५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. घडणीची प्रक्रिया आणि हवामान यांना महत्त्व देणारा लेखक म्हणूनच वाळवंट वेगळे काढतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दोन्ही पुस्तके आपापल्या निकषाशी प्रामाणिक आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा लेखक निकष सांगत नाही आणि वाचक तो विचारत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला, तर संख्येबरोबर निकषही नोंदवावा. तसे केल्याने उत्तर अधिक पक्के होते.

४.४ डोळ्यांना दिसणारे आणि खडक सांगणारे : मेघालय आणि सह्याद्री

निकष बदलला की भूभागाचा वर्ग कसा बदलतो, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

मेघालयातील गारो, खासी आणि जैंतिया टेकड्या नकाशावर ईशान्येकडील पर्वतरांगांच्या शेजारी दिसतात. केवळ स्थान आणि उंची पाहिली, तर त्यांना त्या रांगांत बसवण्याचा मोह होतो. परंतु त्यांचा प्राचीन खडक द्वीपकल्पाच्या खडकाशी नाते सांगतो. राजमहाल टेकड्या आणि गारो टेकड्या यांच्यामधला भूभाग खचला आणि तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरून गेला. त्यामुळे हा तुकडा मूळ पठारापासून तुटलेला दिसतो. म्हणून मेघालयाचे पठार द्वीपकल्पीय पठारात गणले जाते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. कोकणातून पाहणाऱ्याला सह्याद्री हा भिंतीसारखा उभा पर्वत वाटतो. पुण्याकडून किंवा साताऱ्याकडून पश्चिमेस निघालेला प्रवासी मात्र हळूहळू चढत जातो आणि एके ठिकाणी एकदम कड्याच्या टोकावर येऊन थांबतो. महाराष्ट्रातील सह्याद्री म्हणजे पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड आहे. हिमालय भूपट्टांच्या टकरीतून, थरांना वळ्या पडून उंचावला. म्हणून त्याला वली पर्वत म्हणतात. सह्याद्रीचा येथील भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. शिवाय सुमारे १६०० किलोमीटर लांबीच्या या रांगेचा खडक सर्वत्र एक नाही. उत्तरेस काळा बेसाल्ट आहे, तर दक्षिणेस, कर्नाटक-केरळात, त्याहून कितीतरी जुने स्फटिकमय खडक आहेत. आकाराच्या निकषावर सह्याद्री एक आहे. खडकाच्या निकषावर तो एक राहत नाही.

या लाव्हाप्रदेशाच्या ‘दख्खन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’चा सापळ्याशी संबंध नाही. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते आले आहे. थरांवर थर पडल्याने येथील डोंगरउतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ.

४.५ ‘खोरे’ : एक शब्द, दोन संकल्पना

मराठीत ‘खोरे’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. डोंगरांनी वेढलेला सखल प्रदेश, हा पहिला अर्थ. पीर पंजाल आणि बृहद् हिमालय यांच्यामधील काश्मीरचे खोरे या अर्थाचे आहे. तेथे एके काळी असलेल्या सरोवराचा गाळ ‘करेवा’ या नावाने ओळखला जातो आणि त्यावर केशराची शेती होते. नदी आणि तिच्या उपनद्या जेवढ्या प्रदेशाचे पाणी वाहून नेतात तो सर्व प्रदेश, हा दुसरा अर्थ. गोदावरीचे खोरे हे या अर्थाचे.

पहिल्या अर्थाचे खोरे हे भूरूप आहे. दुसऱ्या अर्थाचे खोरे पाण्याच्या वाटेवरून ठरते, आणि म्हणून ते अनेक भूरूपांना ओलांडून जाते. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ सह्याद्रीत उगम पावते, दख्खनचे पठार ओलांडते, पूर्व घाटातून वाट काढते आणि किनारी मैदानात त्रिभुज प्रदेश रचून बंगालच्या उपसागरास मिळते. तिची लांबी सुमारे १४६५ किलोमीटर असून तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ ३ लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. हे खोरे प्राकृतिक विभागांच्या यादीत एका रकान्यात बसवू पाहिले, तर ४.२ मधील जाड कादंबरीसारखाच पेच पडतो.

महाराष्ट्राच्या पठारावर मात्र डोंगर आणि खोरी यांची मांडणी अतिशय सुबक आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना तापीचे खोरे, मग सातमाळा-अजिंठ्याची रांग. गोदावरीचे खोरे, मग हरिश्चंद्र-बालाघाटची रांग. भीमेचे खोरे, मग शंभू महादेवाचे डोंगर आणि त्यांपलीकडे कृष्णेचे खोरे, असा क्रम लागतो. रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस एका नदीस मिळतो, दुसऱ्या अंगाचा दुसरीस. अशा रांगेला जलविभाजक म्हणतात. येथे डोंगर सांगितला की खोऱ्याची कड आपोआप सांगितली जाते.

४.६ लोकभाषेतील वर्गीकरण

शास्त्राने नावे देण्यापूर्वी लोकांनी ही भूमी विभागली होतीच. समुद्राकडून पूर्वेस निघाले, की कोकणातील सखल पट्टी ती ‘खलाटी’, सह्याद्रीच्या पायथ्याकडील उंच पट्टी ती ‘वलाटी’; पुढे ‘घाटमाथा’, त्याच्या पूर्वेस नद्यांच्या अरुंद खोऱ्यांचे ‘मावळ’ आणि त्याहीपुढे मोकळा ‘देश’. पवन मावळ, आंदर मावळ अशी नावे नदीवरून पडली आहेत, हेही लक्षात घ्यावे.

हे वर्गीकरण व्याकरणातही उतरले आहे. आपण ‘कोकणात’, ‘मावळात’, ‘विदर्भात’ म्हणतो. पण ‘घाटावर’ आणि ‘देशावर’ म्हणतो. बहुतेक प्रदेशनामांना ‘-त’ लागतो, तर या दोन नामांपुढे ‘-वर’ येतो, कारण बोलणाऱ्याच्या मनात ती चढून जाण्याची जागा असते. ‘देशात’ म्हटले की अर्थच बदलतो. ‘घाट’ हा शब्द तर मुळात डोंगर ओलांडण्याच्या वाटेचा. वाटेचे नाव पुढे सबंध रांगेला लागले आणि ‘पश्चिम घाट’ ही संज्ञा रूढ झाली. लोकभाषेचा निकष बोलणारा कोठे उभा आहे, यावर ठरतो; शास्त्रभाषेला तो सर्वांसाठी समान ठेवावा लागतो.

४.७ सीमारेषेचे मोल

सीमा ठरवण्याचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. दोघांपुढे पहिला प्रश्न एकच होता : पश्चिम घाट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो?

गाडगीळ गटाने उंची आणि वनाच्छादन यांचा आधार घेतला. पूर्वेकडील सीमेसाठी ५०० मीटर आणि पश्चिमेकडील सीमेसाठी १५० मीटर उंचीवरील वनक्षेत्र धरले. दोन्ही बाजूंना वेगळी उंची का, हे ४.४ वाचल्यावर तुमच्या ध्यानात येईल : पूर्वेस पठारच उंच आहे, पश्चिमेस कडा थेट सखल कोकणात उतरतो. या निकषाने क्षेत्र सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर भरले. कस्तुरीरंगन गटाने तालुका हे एकक धरले आणि क्षेत्र सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर झाले. पुढे संवेदनशील क्षेत्र ठरवताना मात्र पहिल्या गटाने सर्व क्षेत्र तीन श्रेणींत विभागून विचारात घेतले, तर दुसऱ्याने त्यातील सुमारे ३७ टक्के भागच निवडला.

ज्याचे शेत किंवा ज्याच्या गावची खाण या रेषेवर येते, त्याच्या दृष्टीने ‘निकष कोणता?’ हा उपजीविकेचा प्रश्न असतो. असा अहवाल किंवा त्याची बातमी वाचताना निष्कर्षाआधी निकष शोधण्याची सवय नागरिक म्हणूनही उपयोगी पडते.

४.८ सारांश

वर्गीकरण निकषावर उभे असते. उंचसखलपणा, खडक आणि घडणीची प्रक्रिया हे निकष नेहमी एकत्र चालत नाहीत. त्यामुळे थर, मेघालय आणि सह्याद्री यांचे स्थान निकषागणिक बदलते. ‘खोरे’ हा शब्द भूरूप आणि जलवहनाचे क्षेत्र अशा दोन अर्थांनी येतो. वाचताना संदर्भावरून अर्थ निश्चित करावा. लोकभाषेचे वर्गीकरण अनुभवातून आलेले असते, शास्त्रभाषेचे निकष स्पष्टपणे मांडलेले असावे लागतात.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. वर्गीकरणाचा निकष म्हणजे काय?
२. मेघालयाचे पठार द्वीपकल्पीय पठारात का गणले जाते?
३. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक कोणता?

आ) पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
१. ‘सह्याद्री हा पर्वत आहे’ या विधानाची दोन निकषांवर चर्चा करा.
२. ‘देशावर’ आणि ‘देशात’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

इ) उपक्रम
तुमच्या गावाच्या परिसरातील माळ, टेकडी, ओढा, खडक यांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. त्यांचे एकाच निकषावर वर्गीकरण करा. कोणते नाव कोणत्याच वर्गात बसले नाही, ते वेगळे नोंदवा आणि संपर्कसत्रात त्यावर चर्चा करा.

उत्तरे (अ) : १. ज्या गुणधर्माच्या आधारे विभागणी केली जाते तो गुणधर्म. २. त्याच्या प्राचीन खडकाचे द्वीपकल्पाच्या खडकाशी नाते असल्यामुळे. ३. हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग.